गंजाडचें चित्र आणि जिनीव्हाचें न्यायासन

वारली स्त्रिया लग्नघराच्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें जीं चित्रें काढीत, तीं डहाणू तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं कागदावर उतरवून जगापुढें मांडलीं. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्यें ते निवर्तले. ‘वारली चित्रकला’ या नांवाला भारतांत भौगोलिक मानांकन आहे. पण परदेशीं एखाद्या कारखानदारानें छापील कापड ‘वारली शैलीचें’ म्हणून विकलें तर?

जागतिक व्यापार संघटनेचा करार १९९५ पासून अंमलांत आहे. ‘शैली’ असा शब्द जोडूनहि परक्या गांवाचें नांव वापरण्यास त्यांत सक्त मनाई आहे. मात्र ती केवळ मद्यांपुरती! स्कॉच व्हिस्कीला जें कवच, तें चित्राला नाहीं. तेथें गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली हें सिद्ध करावें लागतें.

शिवाय जिनीव्हास फिर्याद सरकारच नेऊं शकतें, आणि तीहि व्यापाऱ्यावर नव्हे, करार न पाळणाऱ्या सरकारवर. प्रथम साठ दिवस वाटाघाटी, मग पंचमंडळ. तेथें बेलीफ नाहीं कीं जप्ती नाहीं. हरलेला देश ऐकेना, तर जिंकणाऱ्यास त्याच्या मालावर जकात वाढविण्याची मुभा मिळते. तो पैसा सरकारी तिजोरींत जातो, गंजाडच्या पाड्यावर नव्हे. अपिलाचें मंडळ तर अमेरिकेनें नेमणुका अडविल्यामुळें डिसेंबर २०१९ मध्यें ठप्प झालें. तेव्हांपासून हरलेल्यानें अपील केलें, कीं निकाल अधांतरीं लोंबकळतो.