शीत प्रदेशातील गृहोद्यान व हरितगृह

शीत प्रदेशातील गृहोद्यान व हरितगृह : उत्तर गोलार्धातील अतिथंड प्रदेशांत घराच्या आवारात भाजीपाला, फळे व फुले यांच्या लागवडीसाठी आखलेली बाग आणि तिला पूरक असे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे पारदर्शक गृह. अशा बागेचे नियोजन करताना उष्णता व प्रकाश या दोन घटकांचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. उष्णता इंधनाने वा साठवणीने पुरविता येते. प्रकाश मात्र अक्षांशावर अवलंबून असतो. अलास्कातील फेअरबँक्स (सु. ६५° उ. अक्षांश) आणि लडाखमधील लेह (सु. ३४° उ. अक्षांश; उंची सु. ३,५०० मी.) या दोन्ही ठिकाणी हिवाळ्यात उघड्यावर काहीही पिकत नाही. तथापि २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य लेह येथे क्षितिजापासून सु. ३२° उंच असतो, तर फेअरबँक्स येथे जेमतेम २° वर येतो व तेथील दिवस चार तासांपेक्षाही लहान असतो. त्यामुळे एका ठिकाणी उपयुक्त ठरणारी रचना दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी उपयोगी पडत नाही.

हंगाम : उच्च अक्षांशांवरील लागवडीचा हंगाम वसंत ऋतूतील शेवटचे तुहिन (गोठलेले दव) व शरद ऋतूतील पहिले तुहिन यांमधील कालावधीने ठरतो. फेअरबँक्स येथे तो साधारणतः मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत, म्हणजे सु. साडेतीन महिन्यांचा असतो. अल्प हंगामाची भरपाई दीर्घ दिवसांनी काही अंशी होते. जूनमध्ये तेथील दिवस जवळजवळ २२ तासांचा असतो. दक्षिण अलास्कातील मॅटानुस्का खोऱ्यात १९३५ मध्ये अमेरिकन शासनाने सु. दोनशे शेतकरी कुटुंबे वसविली. या खोऱ्यातील पामर येथील जत्रेत २०१२ मध्ये सु. ६२.७ किग्रॅ. वजनाच्या कोबीच्या गड्ड्याची नोंद झाली. दीर्घ दिवस सर्वच पिकांना मानवतात असे नाही. पालक व मुळा यांना लवकर डेंगळे येतात व भाजी वाया जाते. म्हणून उशिरा फुलोऱ्यावर येणारे वाण निवडतात.

जागेची निवड : थंड हवा जड असल्याने ती रात्री उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते. त्यामुळे खोलगट जागेतील बागेस तुहिनाचा उपद्रव अधिक होतो. दक्षिणेकडे उतरती, मधल्या चढावरील जागा उत्तम होय. उताराच्या खालच्या बाजूस दाट कुंपण घातल्यास थंड हवा अडून राहते, म्हणून तेथे मोकळी वाट ठेवतात. वाऱ्याच्या बाजूस झाडांची रांग किंवा फटींचे कुंपण लावतात. वारा पूर्णपणे अडविणाऱ्या भिंतीमागे भोवरे निर्माण होतात. निम्मा वारा आरपार जाऊ देणारा आडोसा अधिक उपयुक्त असतो व त्याच्या उंचीच्या सु. दहापट अंतरापर्यंत त्याचा परिणाम जाणवतो. मात्र हा आडोसा दक्षिणेस असू नये. कारण सूर्य खाली असताना त्याची सावली फार लांब पडते.

मृदा व वाफे : थंड प्रदेशात हवेपेक्षा मृदेचे तापमान अधिक महत्त्वाचे ठरते. वाटाण्याचे बी सु. ५° से. तापमानाच्या मातीतही रुजते. काकडीस किमान १५° से. लागते. फेअरबँक्स परिसरात काही ठिकाणी पृष्ठाखालील भूथर वर्षभर गोठलेला राहतो. त्यामुळे पाण्याचा निचरा होत नाही व मुळांस गारवा लागतो. यावर उपाय म्हणून २० ते ३० सेंमी. उंचीचे गादीवाफे करतात. ते लवकर तापतात. लागवडीपूर्वी वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरल्यास मातीचे तापमान आणखी वाढते. गवत किंवा पेंढा यांचे आच्छादन मात्र माती पुरेशी तापल्यानंतरच घालावे; आधी घातल्यास मातीतील थंडी टिकून राहते. थंड मातीत सेंद्रिय पदार्थ सावकाश कुजतात, म्हणून चांगले मुरलेले कंपोस्ट खत वापरतात.

पिकांचे वेळापत्रक : बागेचे वेळापत्रक तुहिनाच्या तारखांपासून मागे मोजून तयार करतात. रोपे बाहेर लावण्याची तारीख १ जून धरल्यास टोमॅटोचे बी मार्चच्या अखेरीस व कोबीचे एप्रिलच्या मध्यास घरात पेरावे लागते. टोमॅटो व कोबी यांच्या पाकिटांवर दिलेले पक्वतेचे दिवस सामान्यतः रोप लावल्यापासूनचे असतात, पेरणीपासूनचे नव्हेत. हा फरक ध्यानात न घेतल्यास फळ धरण्यापूर्वीच हंगाम संपतो. घरात वाढलेली रोपे लावणीपूर्वी आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून काटक करतात. बटाटा, गाजर, सलगम, कोबी व वाटाणा ही पिके उघड्यावर, तर टोमॅटो, काकडी व मिरची हरितगृहात घेणे श्रेयस्कर असते. रूबार्बसारख्या बहुवर्षायू वनस्पतींस वेगळा, कायमचा वाफा देतात.

हरितगृहाची रचना : ४०° अक्षांशाच्या उत्तरेस गृहाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास हिवाळ्यात अधिक प्रकाश मिळतो. उत्तरेकडील बाजूने प्रकाश अल्प व उष्णताहानी अधिक होत असल्याने ती बाजू अपारदर्शक, जाड व उष्णतानिरोधक करतात. घराच्या दक्षिण भिंतीस टेकून उभारलेले एकपाखी गृह लहान बागेस सोयीचे असते. दुहेरी प्लॅस्टिक पटलामुळे एकेरी पटलाच्या तुलनेने उष्णताहानी एक तृतीयांशाहून अधिक घटते. प्रकाशही काहीसा कमी होतो. बर्फ घसरून पडावे म्हणून छपरास तीव्र उतार देतात. दिवसाची उष्णता साठविण्यासाठी पाण्याची काळी पिंपे ठेवतात. २०० लिटर पाण्याचे तापमान १° से. ने उतरताना सु. ८४० किलोजूल उष्णता बाहेर पडते. एप्रिलमधील स्वच्छ उन्हात बाहेर गारठा असूनही आतील तापमान ४०° से. पर्यंत जाऊन रोपे करपू शकतात. म्हणून जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १५ ते २० टक्के इतकी झरोक्यांची सोय आवश्यक असते. बंद गृहात वारा व कीटक नसल्याने टोमॅटोची फुले हाताने हलवून परागण घडवावे लागते.

हिवाळी लागवड : लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यातही ऊन भरपूर मिळते. पूर्वी हिमवर्षावाने खिंडी बंद झाल्यावर कित्येक महिने ताजी भाजी दुर्मिळ असे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या लेह येथील प्रयोगशाळेने जमिनीत सु. एक मी. खोल चर खणून त्यावर प्लॅस्टिक पसरण्याची स्वस्त पद्धत प्रचारात आणली. स्वयंसेवी संस्थांनी मातीच्या विटांच्या दुहेरी भिंती, त्यांमध्ये पेंढा व दक्षिणेस तिरपे पटल असलेली गृहे बांधण्यास साहाय्य केले. त्यांतील उत्तरेची भिंत उष्णता शोषण्यासाठी आतून काळी, तर पूर्व-पश्चिम भिंती प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या रंगवितात. रात्री पटलाखाली पडदा ओढतात. इंधनाशिवाय त्यांत पालक व इतर पालेभाज्या हिवाळाभर होतात. चीनच्या ल्याओनिंग प्रांतातही (सु. ४०° उ. अक्षांश) जाड उत्तर भिंत व रात्री पेंढ्याच्या चटया यांच्या आधारे अशीच शेती होते.

फेअरबँक्स येथे ही पद्धत हिवाळ्यात निष्फळ ठरते, कारण साठविण्याजोगी सौर उष्णताच मिळत नाही. केवळ शेगडी पेटविल्याने पिके वाढत नाहीत. कृत्रिम प्रकाशही द्यावा लागतो व खर्च उत्पन्नाहून अधिक होतो. आइसलँडमध्ये भूगर्भातील गरम पाण्यावर १९२० नंतरच्या दशकापासून हरितगृहे तापविली जात आहेत. तेथेही हिवाळी उत्पादनासाठी विजेचे दिवे वापरतात. ज्या कुटुंबांना अशी स्वस्त ऊर्जा उपलब्ध नाही, त्यांनी उच्च अक्षांशांवर हरितगृहाचा उपयोग हंगाम दोन्ही टोकांस काही आठवडे वाढविण्यापुरता करणे, हिवाळ्यात ते बंद ठेवणे आणि बटाटा, गाजर, कोबी इत्यादींची तळघरात साठवण करणे हेच किफायतशीर ठरते.