मोजता आला म्हणजे पुष्कळ पडला?

जून लागला की करकंबच्या चहाच्या टपरीवर मोबाइलमधलं इंग्रजी हवामान मोठ्यानं वाचलं जातं. त्यात 'मेजरेबल रेन' असं काही दिसलं की कुणीतरी हमखास फोड करून सांगतो, "मोजण्यासारखा पाऊस. म्हंजी बऱ्यापैकीच की!" लगेच दुसरा बियाण्याचं विचारतो. ही फोड मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, की आता चहा थंड झाला तरी चालेल, पण हे एकदा नीट सांगायचंच.

'मेजरेबल' म्हणजे मोजता येईल असा. बस्स. किती, चांगला की वाईट, पेरणीजोगा की नाही, यातलं काहीही तो शब्द सांगत नाही. हवामानाच्या भाषेत तर ती सगळ्यात खालची पायरी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येत ०.०१ इंच, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर पाऊस झाला की तो 'मेजरेबल'. आता हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाव मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर २५ लिटर, दीड-दोन बादल्या! एकरावर हजार लिटर होतात, आकडा ऐकायला भारी वाटतो. पण तेवढ्यानं ढेकळाचा रंगसुद्धा धड बदलत नाही. पेरणीसाठी कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणतो, म्हणजे याच्या किमान ३०० पट. आणि आपण शब्दाच्या भरवशावर तिफण काढायला निघालो!

आपल्या हवामान खात्यानं तर या पायऱ्या स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत. २४ तासांत ०.१ ते २.४ मिलिमीटर म्हणजे अतिहलका पाऊस. तो मोजला जातो, वहीत चढतो, पण तो दिवस 'पावसाचा दिवस' धरत नाहीत. त्यासाठी किमान २.५ मिलिमीटर लागतात. म्हणजे पाऊस मोजला गेला आणि तरी पावसाचा दिवस झाला नाही, असं सर्रास घडतं. आपल्या बायाबापड्यांना हे कोष्टकाशिवाय कळतं. त्या बुरबूर वेगळी म्हणतात, ओल वेगळी म्हणतात.

गोंधळ करणाऱ्यांची थोडी बाजूही घेतो. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-शब्दकोशात या विशेषणाचा दुसरा अर्थ आहे, जाणवण्याइतका मोठा. 'मेजरेबल सुधारणा' म्हणतात तेव्हा तो अर्थ लागतो. पण पर्जन्यमापकाशी बोलताना तो लावायचा नाही. तिथे प्रश्न फक्त यंत्राच्या नजरेचा असतो. ०.१ मिलिमीटरच्या खुणा असलेल्या काचेच्या मापात जो थेंब दिसेल, तो ०.५ मिलिमीटर भरल्याशिवाय न कलंडणाऱ्या स्वयंचलित यंत्राला दिसणारच नाही. पाऊस तोच.

म्हणून उलटा गैरसमजही तितकाच महागात पडतो: मोजमापात शून्य, म्हणजे काही झालंच नाही. द्राक्षवाल्याला विचारा. रात्रभर दव धरलं, पान ओलं राहिलं, मापकात थेंब नाही, तरी डाऊनी रोगाला तेवढी ओल पुरते. शिवाय करकंब महसूल मंडळाचं यंत्र एका जागी उभं असतं; वळीव त्याला विचारून पडत नाही. अतिवृष्टीच्या भरपाईचा ६५ मिलिमीटरचा निकष मात्र मंडळाच्याच आकड्यावर चालतो. हे दुखणं खरं आहे, पण तो या शब्दाचा दोष नव्हे.

बाकीचे चिल्लर गैरसमज उभ्या उभ्या आटोपतो. '७० टक्के पाऊस' म्हणजे ७० टक्के शिवार भिजणार असं नाही. अमेरिकी पद्धतीत एखाद्या ठिकाणी निदान तो पाव मिलिमीटर पडण्याची ती शक्यता असते. मोठ्या तोंडाच्या भांड्यात जास्त मिलिमीटर भरत नाहीत, फक्त भांडं सरळ भिंतीचं हवं. घरची बादली वर पसरट असते, ती खोटं बोलते. 'इम्मेजरेबल' म्हणजे मोजायचा राहून गेलेला नव्हे, तर ज्याला मापच लागू पडत नाही असा. शेजारच्या पंढरपुरात विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्यांच्या तोंडी 'अप्रमेय' हे नाव रोज असतं, अर्थ तोच. पण शाळेतली 'अपरिमेय' संख्या त्या गोत्रातली नाही. एक मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण, म्हणजे दोनाचं वर्गमूळ, समोर आखून दाखवता येतो. तो फक्त दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात मांडता येत नाही.

आणि 'मेजरेबल म्हणजे मोजकं' असं म्हणणाऱ्या पोराला मी हसलो होतो, ते मागे घेतो. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द खरंच त्या अर्थानं चालायचा. १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरनं कँटरबरी टेल्समधल्या वैद्याच्या आहाराला हेच विशेषण लावलं आहे. वैद्य जेवायचा बेताचं, एवढंच त्याला सांगायचं होतं. ताटाला तराजू कुणी लावला नव्हता.