रंग एक, रत्ने वेगळी

नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटून जी रत्ने इराणला नेली, त्यांत ‘तैमूर माणिक’ या नावाने प्रसिद्ध असलेले ३५२.५ कॅरेटचे लाल रत्नही होते. मोगल बादशहांची नावे कोरलेले हे रत्न आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. मात्र ते माणिक नसून स्पिनेल आहे. मोगल दरबारात स्पिनेलला ‘लाल’ म्हणत.

याउलट, रंगाने भिन्न असलेली माणिक आणि नीलम ही रत्ने कुरुंद या एकाच खनिजाची रूपे आहेत. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. अत्यल्प क्रोमियममुळे तो लाल, तर लोह व टायटॅनियममुळे निळा दिसतो. माणकाला लाली देणारे हेच क्रोमियम बेरिल खनिजात मिसळले की हिरवागार पाचू तयार होतो.

रत्नाकडे मन ओढले जाते ते रंगामुळे, परंतु त्याची ओळख पटते ती अपवर्तनांक, घनता आणि अंतर्गत रचना यांवरून. तापवून रंग खुलवलेली किंवा भेगांत काच भरलेली माणकेही बाजारात येतात. त्यामुळे दिल्लीच्या दरिबा कलानमध्ये असो वा गावच्या सराफकट्ट्यावर, मोठी किंमत मोजण्यापूर्वी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहणे हिताचे ठरते.