ब्लॅकबर्न रोव्हर्स : पुण्याच्या मालकीचा इंग्रज संघ

रांजणगाव, शिरूर, दौंड या मुलखात शेतीस जोड म्हणून जे कुक्कुटपालन रुजले, त्याच व्यवसायातून डॉ. बी. व्ही. राव यांनी उभारलेल्या, आज पुण्यात मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल संघ सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांस खरेदी केला. ज्या ब्लॅकबर्न शहराच्या मागांवर एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या बाजारपेठेसाठी धोतरे विणली जात, आणि ज्याच्या व्यापारास पुढे स्वदेशीच्या चळवळीने जबर तडाखा दिला, त्याच शहराच्या जिव्हाळ्याची ही संस्था पुण्याच्या हवाली व्हावी, हा कालचक्राचा फेरा मला विलक्षण वाटतो.

संघाची स्थापना १८७५ सालची. १८८८ मध्ये आरंभलेल्या फुटबॉल लीगच्या १२ संस्थापक संघांत त्याची गणना होते. १८८४ ते १८८६ अशी ओळीने तीन वर्षे, आणि एकूण सहा वेळा, त्याने एफ. ए. चषक जिंकला. पोलादाच्या व्यापारात संपन्न झालेले स्थानिक गृहस्थ जॅक वॉकर यांच्या औदार्याने, केनी डॅल्ग्लिश यांच्या मार्गदर्शनाखाली आणि ॲलन शिअररच्या ३४ गोलांच्या बळावर १९९४-९५ चे प्रीमियर लीगचे अजिंक्यपदही त्याने मिळविले.

पुणेकर अंमलात मात्र २०१२ मध्ये संघ अव्वल श्रेणीतून उतरला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला व वर्षभरात दुसरीत परतला; समर्थकांचा उद्वेग मला सर्वथा समजण्याजोगा वाटतो. या घसरणीच्या आधी, २०११ च्या ऑक्टोबरात, हाच संघ बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीशी खेळला होता.