विश्लेषण : हिवाळी ऑलिम्पिक पुन्हा फ्रेंच आल्प्समध्ये… पण बर्फ पुरेल का?

२०३० चे हिवाळी ऑलिम्पिक फ्रान्समधील आल्प्स पर्वतराजीत होणार आहे. पहिले हिवाळी ऑलिम्पिकही याच भागात झाले होते. यंदा मात्र मैदानांइतकीच चिंता बर्फाची आहे.

यजमानपद कसे मिळाले?

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २४ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये ही निवड केली, पण सरकारी आर्थिक हमीच्या अटीवर. कारण तेव्हा फ्रान्समध्ये काळजीवाहू सरकार होते. पुढे मिशेल बार्निए पंतप्रधान झाल्यावर हमी मिळाली. हेच बार्निए १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिम्पिकचे सहअध्यक्ष होते.

याआधी स्पर्धा कधी झाल्या?

शामोनी (१९२४), ग्रनोबल (१९६८) आणि आल्बेरव्हिल (१९९२) येथे. ग्रनोबलला भारताकडून स्कीपटू जेरेमी बुजाकोव्स्की उतरले होते.

नवे बांधकाम किती?

शक्य तितके कमी. बॉबस्ले, म्हणजे घसरगाडीच्या शर्यतींसाठी १९९२ च्या स्पर्धेसाठी बांधलेला ला प्लान्यचा ट्रॅकच वापरला जाईल. स्पीड स्केटिंगसाठी लागणारा ४०० मीटरचा बंदिस्त ट्रॅक फ्रान्समध्ये नाही. तो बांधण्याऐवजी ही स्पर्धा देशाबाहेर घेण्याचे नियोजन आहे. यामागे जुना धडा आहे. ग्रनोबलसाठी सें-निझिए येथे बांधलेला स्की-जम्पिंगचा मनोरा आज पडीक अवस्थेत उभा आहे.

कृत्रिम बर्फाने प्रश्न सुटेल?

पूर्णपणे नाही. यंत्र दाबाखालील पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवते आणि ते खाली पडेपर्यंत गोठतात. त्यासाठी हवा थंड आणि कोरडी लागते. शून्याच्या आसपास तापमान असूनही हवा दमट असेल, तर तुषार नीट गोठत नाहीत. शिवाय पाणी आणि वीज भरपूर लागते. उन्हाळ्यात शेती आणि गावांनाही लागणाऱ्या पाण्यातूनच तलाव भरायचे का, यावरून आल्प्समध्ये वाद होत आले आहेत.

पुढे काय?

ऑलिम्पिक समितीसाठी झालेल्या अभ्यासात ९३ संभाव्य ठिकाणे तपासली गेली. २०५० च्या दशकात त्यांपैकी ५२ ठिकाणीच हिवाळी ऑलिम्पिकसाठी भरवशाचे हवामान राहील, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे यजमान ठरवताना यापुढे तिजोरीबरोबर तापमापकही पाहावा लागेल. सतरा दिवसांच्या स्पर्धेनंतर आल्प्समधील गावांच्या हाती काय उरते, यावरच २०३० चे यश मोजले जाईल.