'अत्याचार' : शब्द आणि त्याचा अर्थ

'अत्याचार' हा शब्द आपल्या कानांवर रोज पडतो. वर्तमानपत्रांत तो बहुधा बलात्काराला सौम्य पर्याय म्हणून छापला जातो. त्यामुळे रक्त सांडले किंवा अब्रू लुटली तरच अत्याचार, असा समज आमच्या तरुणांत आढळतो. तो दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

अति + आचार, म्हणजे मर्यादा ओलांडून केलेले वर्तन, हा मूळ अर्थ. पंचशीलातील पहिले शील 'पाणातिपाता'पासून, म्हणजे प्राणिमात्राच्या घातापासून दूर राहण्याचे आहे. शील आपल्या हाताला आवर घालते. दुसऱ्याचा हात आवरण्यासाठी कायदा लागतो.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. या अपमानाला गुन्हा म्हणणारा कायदा तेव्हा नव्हता. पुढे संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम आला. तोच १९७६ साली नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला.

१९८९ चा अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितलेला प्रत्येक अपराध म्हणजे 'अत्याचार'. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे, जमीन बळकावणे, पिण्याचे पाणी घाण करणे, हे सारे त्यात येते. १९९० साली बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाल्याने हे संरक्षण आपल्यालाही आहे.

आपल्या कोकणात 'वाळीत टाकणे' हा शब्द जुना आहे. त्यात अंगाला कोणी हात लावत नाही, पण दुकान, पाणवठा आणि बोलणे बंद होते. २०१५ च्या दुरुस्तीने असा बहिष्कारही अत्याचारांत मोडतो. शिवाय कोणत्याही जातीच्या माणसाला वाळीत टाकल्यास राज्याच्या २०१६ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे : तक्रारीत 'आमच्यावर अत्याचार झाला' एवढेच लिहून भागत नाही. काय घडले, कोठे, केव्हा, कोणते शब्द उच्चारले, कोणी ऐकले, हे लिहावे. अपमान लोकांसमक्ष झाला की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. खोटी तक्रार मात्र कदापि करू नये. मुसावादापासून दूर राहणे हेही आपले शीलच आहे.

जय भीम !