द्राक्षमळ्यातलं टेबल

नाशिकच्या द्राक्षमळ्यातलं जेवण कसं असतं, असं यवतमाळच्या चार जणांना विचारलं तर चार उत्तरं येतात. एक म्हणतो, असं जेवण जन्मात झालं नाही. दुसरा म्हणतो, पैसे लय घेतले अन् पोट काही भरलं नाही. तिसरीला काय खाल्लं ते आठवत नाही, धरणावरचा सूर्यास्त तेवढा आठवतो. चौथा शेतकरी असतो. तो जेवणाचं नावच काढत नाही. ठिबकच्या नळ्या, तारांची बांधणी आणि दोन ओळींतलं अंतर यावर बोलत राहतो. चौघंही खरं बोलत असतात, कारण या टेबलावर एकाच बिलात तीन-चार गोष्टी विकल्या जातात आणि गिऱ्हाईक त्यातली एखादीच विकत घ्यायला आलेलं असतं.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून ही उत्तरं जरा जास्त ऐकू येतात. धामणगावला महामार्गावर चढलं की शिर्डी एका दमात गाठता येते. पुढे त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी असा बेत असतो आणि मंडळी तरुण असली तर त्यातच एक दुपार ‘वायनरी’ला दिली जाते. वर्धा नदीपलीकडचा वर्धा जिल्हा १९७०च्या दशकापासून दारूबंदीचा. खुद्द यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायकांनी मोर्चे काढलेले. त्यामुळे आजी, नातवंडं आणि वाइनचा पेला एकाच टेबलावर उघडपणे दिसणं हा इकडच्या माणसाला बसणारा पहिला धक्का असतो, आणि पदार्थ तर अजून यायचेच असतात.

हे टेबल तिथे आलं कसं? नाशिकला खायची द्राक्षं जुनीच. वाइनची द्राक्षं त्या मानाने नवी. महाराष्ट्रात वाइनचा पहिला मोठा प्रयोग १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला केला. नाशिकमध्ये राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर परतले आणि त्यांनी आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ सुरू केली. तिची पहिली वाइन २००० साली निघाली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क ठरले. २००५ मध्ये सुलाने मळ्यातच चव घेण्याची खोली उघडली. बाटली विकण्याआधी माणसाला मळ्यात आणायचं, ही कल्पना आपल्याकडे तिथून रुजली. मग आलेला माणूस उपाशी कसा पाठवायचा, म्हणून स्वयंपाकघर आलं, मुक्कामाच्या खोल्या आल्या आणि २००८ पासून गाण्याबजावण्याचा ‘सुलाफेस्ट’ही आला. शेजारची यॉर्क, इगतपुरीच्या बाजूची व्हॅलोने, दिंडोरीतली शांदों यांनी आपापल्या परीने पाहुण्यांना दारं उघडली.

या स्वयंपाकघरांनी एक शहाणपण सुरुवातीलाच दाखवलं. सुलाच्या आवारात ‘लिटल इटली’ आलं, ते पूर्ण शाकाहारी इटालियन. युरोपातल्या वाइनवाल्याला हे अजब वाटेल, पण इथे येणाऱ्या गाडीत एक जण वाइन पिणारा, दोन जण मांसाहार न करणारे आणि एखादी कांदा-लसूणही न खाणारी सासू असते. ही सगळी गाडी एका टेबलावर बसवायची तर मेन्यू असाच लागतो. इटलीत राहून आलेल्या जोडप्याला तोच पास्ता ‘बराय’ वाटतो, आणि ज्या घरात बाहेर जेवायचं म्हणजे पनीर अन् नान एवढंच ठाऊक, त्या घराला तो नवलाचा वाटतो.

आता चव घेण्याच्या काउंटरवर जरा थांबू. पाच-सहा वाइन ओळीने येतात, प्रत्येकीचा घोट-दोन घोट; आधी पांढऱ्या, मग लाल, शेवटी गोड. माहिती देणारा मुलगा पेला दांड्याला धरायला सांगतो, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. पेला गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट तोंडभर फिरवायचा. तो पेरूचा, हिरव्या मिरचीचा, लवंगेचा वास सांगत जातो आणि सगळे माना डोलावतात. थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, पण पैसे मोजून घेतलेला घोट थुंकायला कोणी तयार नसतो. लाल वाइन आली की टेबलाच्या टोकाकडून हमखास आवाज येतो, “हे तं कडू हाय बा! यात गोड काही नाही का?”

हसण्यावारी नेतात, पण प्रश्न बरोबर असतो. शिराज किंवा कॅबरने सोव्हिन्यों अशा लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन असतं. तेच जिभेला तुरट लागतं आणि तोंड कोरडं पाडतं. त्यावर झणझणीत रस्सा मागवला तर टॅनिन आणि मद्यार्क दोन्ही मिळून मिरचीची आग वाढवतात. वऱ्हाडी माणूस सवयीने तिखट मागवतो, रुबाब म्हणून लाल वाइन मागवतो आणि मग म्हणतो की दोन्ही बिघडलं. शेजारच्या टेबलावर त्याच रश्श्याबरोबर थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन आलेली असते. गोडीने तिखट निवतं आणि ते टेबल खूश असतं. लाल वाइनबरोबर चीज किंवा तेला-तुपाचा पदार्थ घेतला तर तोच तुरटपणा गुळगुळीत होतो. तापमानाचंही तसंच. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम थंड मुलखातला. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ठेवलेल्या बाटलीला तो लावला तर चवीत फक्त मद्यार्क उरतो.

दुसरा मोठा फरक पडतो तो तारखेमुळे. नाशिकला वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहार छाटणी. फळ धरतं ते दुसरीनंतर, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. या काळात मळ्यात घड, ट्रॉल्या, आंबायला लागलेल्या रसाचा वास, सगळं चालू असतं. जुलैत गेलात तर डोंगर हिरवेगार, वेलींना पानंच पानं, पण द्राक्षाचा मणीही नाही. मे महिन्यात तर नुकत्याच छाटलेल्या काड्या. “द्राक्षं कुठंयत?” हा या मळ्यांत वर्षभर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असावा. वाराचंही तसंच: मंगळवारी वेटरला उभं राहून सांगायला सवड असते, शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या उतरल्या की त्याच वेटरला वीस टेबलं सांभाळावी लागतात.

तिसरी गोष्ट किमतीची. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी काही जणांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ‘महाग’ वाइन त्यांना जास्त आवडली. मेंदूच्या चित्रणातही सुखाशी जोडलेला भाग जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे महाग म्हणून चव वाढते, हे नुसतं ढोंग नाही. पण माझ्या अनुभवात आपल्याकडे याची उलटी बाजूही तितकीच चालते. ज्याला बिल भरायचं असतं त्याच्या तोंडात प्रत्येक घासाबरोबर हिशेब येतो. ज्याला कोणीतरी आणलेलं असतं त्याला तेच जेवण हलकं जातं. एका टेबलावरच्या दोन भावांचं मत जुळत नाही, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

आणि चौथा, शेतकरी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात. हे कळल्यावर तो मेन्यूतला बाटलीचा आकडा बघतो, मनात भागाकार करतो आणि गप्प होतो. त्याच्या कापसाची गाठ जिल्ह्याबाहेर जाते आणि शर्ट होऊन परत येते तेव्हा मधल्या पैशाशी त्याचा संबंध नसतो. इथे पिकवणं, आंबवणं, बाटलीत भरणं आणि वाढणं एकाच कुंपणात चाललेलं त्याला दिसतं. मग तो नेमकं विचारतो: ही सगळी द्राक्षं यांचीच का? नसतात. बरीचशी करारावर शेतकऱ्यांकडून येतात. भाव कोण ठरवतं? वायनरी आणि करार. मागणी पडली तर? तेही घडून गेलंय. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप घसरला तेव्हा नाशिककडच्या अनेकांनी वाइनद्राक्षाच्या बागा उपटल्या. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं. खायच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. घेणारा एकच असला की पीक कितीही देखणं असो, शेतकऱ्याचा हात खालीच राहतो, हे कापूसवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून या मळ्यांतलं जेवण चांगलं की वाईट, हा वाद मला निरर्थक वाटतो. जेवायचं असेल तर मधल्या वारी जा, तिखटाबरोबर पांढरी मागवा, चव घेण्याची फेरी जेवणाआधी उरका. द्राक्षं बघायची असतील तर फेब्रुवारी गाठा. सूर्यास्त हवा असेल तर चहावरही भागतं. आणि शेती बघायला निघाला असाल तर रेस्टॉरंटच्या दारातून परत फिरू नका. करारावर द्राक्ष देणारा शेतकरी त्याच रस्त्यावर पुढे सापडतो आणि त्याच्याशी बोलायला टेबल आरक्षित करावं लागत नाही.